काळ्या दगडाची उत्तर

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जून संपत आला होता आणि आम्ही चौघे हरिश्चंद्रगडावर होतो. कोकणकडा पाहून मंदिराकडे निघालो तोच धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. माझ्याजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सर्वेक्षण खात्याचा नकाशा होता, 1:50,000 प्रमाणाचा, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. आणि एक होकायंत्र. मंदिर साधारण पूर्वेला. मी एका खडकावर नकाशा पसरला, त्यावर होकायंत्र ठेवलं, दिशा ठरवली आणि निघालो.

थोड्या वेळाने वारा खालून वर येतोय असं जाणवलं. कोकणकड्याची कड अर्धवर्तुळाकार आहे. मंदिराऐवजी आम्ही तिच्याच दुसऱ्या टोकाकडे चाललो होतो. थांबलो. होकायंत्र हातात धरून पाहिलं, तर सुईची उत्तर मघापेक्षा वेगळी होती. यंत्र बिघडलं नव्हतं. बिघाड त्या खडकात होता. खरं तर त्यालाही बिघाड म्हणता येणार नाही.

सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. शिखरावर, कड्यावर वीज पडली की तिच्या प्रचंड प्रवाहाने तिथला दगड चांगलाच चुंबकीय होतो. अशा दगडावर होकायंत्र टेकवलं की सुई पृथ्वीचं न ऐकता दगडाचं ऐकते.

ही गोष्ट एका माणसाला माझ्या कितीतरी आधी ठाऊक होती. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. भौगोलिक उत्तर आणि सुईची उत्तर यांत जो कोन पडतो त्याला दिक्पात म्हणतात. तो जागेगणिक वेगळा असतो आणि वर्षागणिक बदलतो, म्हणून तो कुणीतरी सतत मोजत राहावं लागतं. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. रुळांतून आणि जमिनीतून फिरणाऱ्या विजेने नाजूक सुया बिचकणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ही मोजणी खाडीपलीकडे अलिबागला हलवली. तिथे काम 1904 मध्ये सुरू झालं. लगेच कुलाबा बंद केलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट सांधता यावी. ट्राम 1907 मध्ये धावली, तोवर सुया सुखरूप होत्या.

मला मोह पडतो तो अलिबागच्या इमारतीचा. आसपास काळा पाषाण हवा तेवढा. तरी मूस यांनी तो टाळून चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड आणवला आणि लोखंडाच्या जागी तांबं-पितळ वापरलं. ज्या दगडाने मला कड्याकडे वळवलं, त्याच जातीच्या दगडाला त्यांनी दाराबाहेर ठेवलं होतं.

महाराष्ट्रात दिक्पात एका अंशाहूनही कमी आहे. न्यूझीलंडमध्ये सुई वीसेक अंश पूर्वेला झुकते, तिथल्या भटक्याला आधी हिशेब करावाच लागतो. आपल्याला तो करावा लागत नाही, म्हणून आपण सुईवर डोळे मिटून विश्वास टाकतो. माझी चूक तीच.

पण या दगडाची दुसरी बाजूही आहे. लाव्हा थंड होताना त्यातले चुंबकीय कण त्या वेळच्या उत्तर-दक्षिणेप्रमाणे लागतात आणि तसेच गोठतात. 1950च्या दशकात क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडांतली ही गोठलेली दिशा मोजली. ते दगड विषुववृत्ताच्या दक्षिणेला थिजले होते असं निघालं. म्हणजे भारत तिथून सरकत इथवर आला होता. खंड हलतात हे तेव्हा अनेक भूवैज्ञानिकांना मान्य नव्हतं. त्यांच्यापुढे हा एक भक्कम पुरावा आला. आणखी एक नवल म्हणजे सह्याद्रीतले कितीतरी थर पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे असतानाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे होकायंत्र धरलं असतं, तर सुईचं उत्तर टोक दक्षिणेकडे वळलं असतं. मला चकवणाऱ्या सह्याद्रीच्या पोटात ही इतकी जुनी उत्तर जपून ठेवलेली होती.

त्या दिवशी आम्ही परतलो ते सर्वेक्षकांच्या जुन्या रीतीने. एक जण दोरीने बांधून दिसेल तेवढा पुढे जायचा. मी होकायंत्र छातीशी धरून त्याची दिशा वाचायचो, मग त्याच्यापाशी जाऊन मागे उभ्या असलेल्या मित्राची उलटी दिशा वाचायचो. दोन आकड्यांत बरोबर 180 अंशांचा फरक आला तर दोन्ही जागा निर्धोक. नाही आला, तर चार पावलं सरकून पुन्हा. एका किलोमीटरच्या आसपासचं ते अंतर काटायला दोन तास लागले. मंदिराच्या दगडी भिंतीला हात लागला, तेव्हा मी होकायंत्र तिच्यावर टेकवलं नाही.