सायकलचा तुंबा

नांदेड हें गोदावरीच्या कांठीं, समुद्रसपाटीपासून सुमारें ३६० मीटर उंचीवर आहे; लातूर बालाघाटच्या पठारावर, सुमारें ६३० मीटरांवर आहे. अहमदपुराच्या वाटेनें नांदेडाहून लातुरास सायकलवर निघालेल्या मनुष्यास हा फरक भूगोलाच्या पुस्तकावांचून कळतो. एका वेगाची सायकल त्याला चढावर उतरून चालावयास लावते. या अडचणीवरचा एक जुना व नामी उपाय म्हणजे मागच्या चाकाच्या तुंब्यांत, दुकानदार ज्याला हब म्हणतात त्याच्या पोटांत, दडविलेलें तीन वेगांचें यंत्र. श्रोतेहो, या तुंब्याचा इतिहास पाहा किंवा त्याची निगा पाहा, वरचें नांव वाचून आंतलें काम कळत नाहीं, हाच अनुभव येतो.

तुंब्यावर ‘स्टर्मी-आर्चर’ असें कोरलेलें असतें. हेन्री स्टर्मी हा इंग्लंडांतला पत्रकार. त्यानें तीन वेगांच्या यंत्राची स्वतःची एक योजना रॅले कारखान्याचे मालक फ्रँक बाउडन यांच्यापुढें मांडली होती. परंतु बाजारांत जें यंत्र आलें तें मुख्यतः विल्यम रायली या कारागिराच्या बुद्धीचें होतें. रायलीनें पूर्वीं दोन वेगांचा तुंबा तयार केला होता, आणि त्या वेळच्या करारानें त्याचे पुढील शोधही बांधले गेले होते. म्हणून नव्या यंत्राचें पेटंट त्याचा सहकारी जेम्स आर्चर याच्या नांवें घेण्यांत आलें. १९०२ साली बाउडन यांनीं हीं पेटंटें हातीं घेतलीं, नॉटिंगहॅम येथें तुंबे तयार होऊं लागले, आणि ज्यानें डोकें चालविलें त्याचें नांव मात्र धातूवर उमटलें नाहीं.

या कारखान्याचा ‘ए डब्ल्यू’ नांवाचा तुंबा १९३६ साली निघाला आणि तोच सर्वांत दीर्घायुषी ठरला. त्याच्या आंसावर २० दांत्यांचें चक्र पक्कें असतें; त्याभोंवतीं चार लहान चक्रें फिरतात; त्या सर्वांना ६० दांत्यांचें कडें बाहेरून वेढून असतें. पायाची शक्ति कड्यास देऊन लहान चक्रांच्या पिंजऱ्याकडून चाक फिरविलें, कीं वेग पाऊणपट होतो आणि चढ सोपा जातो. उलट, शक्ति पिंजऱ्यास देऊन कड्याकडून चाक फिरविलें, कीं वेग सव्वापटीहून थोडा अधिक, म्हणजे चार तृतीयांश होतो. मधल्या वेगांत दोन्ही समसमान.

असें यंत्र आपल्या भागांत यावयाचें, तर त्या काळीं वाट सरळ नव्हती. नांदेडास मनमाडाकडून निजामाच्या मीटरमापी रेल्वेनें यावें लागे. लातुरास १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी वाट होती, आणि मोठ्या रेल्वेचा माल कुर्डुवाडीस उतरवून तिच्या डब्यांत भरावा लागे. इतक्या दूर सुटा भाग मागविण्यापेक्षां आहे तो जपणें शहाणपणाचें. आणि जपावयाचें तर तुंबा उघडतां आला पाहिजे.

तो उघडण्याची रीत अशी. आंसाच्या उजव्या टोकांतून निघणारी बारीक साखळी सोडून चाक काढावें. डावीकडचा नट व कोन काढावा. उजवीकडच्या छऱ्यांच्या कड्याच्या खांचेसमोर तुंब्यावर खूण करावी, कारण त्याचे आटे दुहेरी असतात. दुसऱ्या जागीं बसविलें, तर चाकाचा मध्य किंचित् सरकतो. मग खांचेंत बोथट छिन्नी टेकवून, हातोडीच्या ठोक्यानें तें कडें डावीकडे फिरवावें. सारें अंतरंग एकसंध हातीं येतें. तें रॉकेलनें धुवावें आणि खिट्यांचीं टोकें झिजलीं आहेत काय तें पाहावें.

येथें लातूरच्या बाजारपेठेस एक सूचना. करडईचें तेल जेवणास उत्तम, पण तें हवेंत सुकून राळेसारखें घट्ट होतें. तें तुंब्यांत घातलें, तर खिट्या चिकटतात आणि पायडल पोकळ फिरतें. पातळ यंत्रतेलच घालावें. तारेचा ताण चुकल्यासही मधल्या व वरच्या वेगांमध्यें पकड सुटते. उभ्यानें जोर लावणारा मनुष्य अशा वेळीं जोरानें पडतो. म्हणून ताणाची तपासणी आधीं, फेरफटका मागाहून.

२००० साली स्टर्मी-आर्चरचा कारभार तैवानच्या एका कंपनीकडे गेला आणि नॉटिंगहॅमचें काम थांबलें. परंतु ‘ए डब्ल्यू’चे बहुतेक भाग कित्येक दशकें एकमेकांस जुळत राहिले. ज्यांच्या घरीं आजोबांची अशी सायकल माळ्यावर पडली असेल, त्यांनीं ती भंगारवाल्यास देण्यापूर्वीं तुंब्यावरील धूळ पुसावी. बहुधा तेथें निर्मितीचें वर्ष कोरलेलें सांपडेल. मग एखाद्या जाणत्या मिस्त्रीशेजारीं बसून तो उघडतांना पाहावा. ती विद्या त्याच्या हातांतच आहे, आणि ती दुसऱ्या हातीं गेली नाहीं तर रायलीच्या नांवाप्रमाणें तीही लोपेल.