विजेची भीती वाटते का?

आमच्या ताईच्या सोसायटीच्या गच्चीवर दर शनिवारी संध्याकाळी चार तरुण जमतात. गच्चीवर जमणाऱ्या तरुणांविषयी सोसायटीत जे जे संशय घेतले जातात, त्यांतला एकही यांच्या बाबतीत खरा नाही. ती बापडी सॉफ्टवेअरमधली मुलं आहेत आणि नोकऱ्या शोधताहेत. एकाला कंपनीने काढलंय, दोघांना काढतील असं वाटतंय आणि चौथ्याला काढत नाहीत म्हणून तो स्वतःच दुसरी शोधतोय. काढलेला तो आमचा भाचा. तीन महिने झाले. ही गोष्ट त्याने फक्त मला सांगितलीय. मी पडलो बँकेतला क्लार्क. गुप्तता पाळण्याचाच पगार खातो. ताईची समजूत, पोरगं घरून काम करतंय. लॅपटॉप उघडा दिसला की तिच्या लेखी ऑफिस चालू.

परवा मी वर गेलो तेव्हा इंटरव्ह्यूच्या कहाण्या रंगल्या होत्या.

"तिसऱ्या राउंडला मला झाड उलटं करायला सांगितलं," दाढीवाला म्हणाला.

मला वाटलं, बिचारा आता नर्सरीत अर्ज करायला लागला. पण ते झाड म्हणजे 'बायनरी ट्री', माहिती साठवायची एक रचना, आणि ती उलटी करायची ती कागदावर. दुसऱ्याच्या एका कंपनीत सहा राउंड झाले आणि सातव्या दिवशी ईमेल आली, 'आपल्या भावी वाटचालीस शुभेच्छा.' आमची बँक कर्ज नाकारते तेव्हासुद्धा माणसाला इतके हेलपाटे घालायला लावत नाही.

"पूर्वी असं नव्हतं हो मामा," चौघांचं एकमत पडलं. 'पूर्वी' म्हणजे त्यांच्या हिशेबात साधारण २०१९.

आता मी शिकलो बी. कॉम., पण इतिहासाचं व्यसन मला जुनं आहे आणि ऐकणारे चार जण एके ठिकाणी सापडणं हा योग फार क्वचित येतो. मी टाकीच्या कठड्यावर बसलो आणि एडिसनपासून सुरुवात केली.

या एडिसनसाहेबांनी दिव्याखाली प्रकाश पाडला तो पाडला, पण १९२१ साली नोकरीला येणाऱ्या उमेदवारांपुढे दीडशेच्या आसपास प्रश्नांचा एक कागदही टाकला. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागतात? व्होल्गा नदी कुठे आहे? भल्याभल्या पदवीधरांची दांडी उडाली. प्रश्न वर्तमानपत्रांत फुटले (पेपर फुटणं ही आपलीच संस्कृती आहे असं समजायचं कारण नाही) आणि अमेरिकाभर तो घरगुती खेळ झाला. त्याच सुमारास आईनस्टाईन बोस्टनमध्ये आले होते. त्यांना कोणीतरी त्यातला प्रश्न टाकला, ध्वनीचा वेग किती? पुस्तकात मिळणाऱ्या गोष्टी मी डोक्यात बाळगत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. म्हणजे आईनस्टाईनसुद्धा पहिल्या राउंडला बाद!

"पण हे बल्बवाले झाले," चष्मेवाला म्हणाला. "सॉफ्टवेअरचं सांगा."

सॉफ्टवेअरचं तर त्याहून मजेदार आहे. १९४५ सालापर्यंत 'कॉम्प्युटर' म्हणजे यंत्र नव्हे, हिशेब करणारं माणूस. अमेरिकेच्या सैन्याला तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टकं हवी होती आणि ती हाताने करायला फिलाडेल्फियात पदवीधर मुली बसवल्या होत्या. मग तिथेच एनिऍक नावाचं धूड उभं राहिलं. वजन तीस टन, आत सुमारे अठरा हजार व्हॅक्यूम ट्यूब. ते चालवायला माणसं हवी होती. पण जे काम जगात कोणीच केलेलं नाही त्याचा अनुभव मागणार कोणाला? 'किमान पाच वर्षांचा अनुभव' ही ओळ ज्या जाहिरातीत घालता येत नव्हती, अशी बहुधा ती शेवटची नोकरी असावी.

मिसुरीतल्या शेतकरी घरातली बेटी जीन जेनिंग्ज ही गणिताची पदवीधर मुलगी मुलाखतीला आली. हर्मन गोल्डस्टाईन या अधिकाऱ्याने विचारलं, विजेबद्दल तुला काय वाटतं? मुलगी हुशार. तिने कॉलेजात पदार्थविज्ञान घेतलं होतं. ती लगेच ओहमचा नियम सांगू लागली. ते नव्हे, साहेब म्हणाले, तुला विजेची भीती वाटते का? कारण काम होतं वायरी खोचायचं आणि खटके फिरवायचं. मुलीला भीती नव्हती. संपला इंटरव्ह्यू!

गच्चीवर एक दीर्घ सुस्कारा पसरला.

त्यातही गंमत अशी की बाई निवडयादीत नव्हत्याच, राखीव यादीत होत्या. वरच्या नको म्हणाल्या म्हणून यांचा नंबर लागला. ही हकीकत सांगताना माझा आवाज जरा चढला असेल, कारण मीही वेटिंग लिस्टवरूनच लागलोय. निवडलेल्या सहा जणींनी नुसते नकाशे बघून ते यंत्र चालवायची विद्या शोधून काढली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मोठं प्रात्यक्षिक झालं, त्यातलं गणित या मुलींनीच बसवलं होतं. रात्री मेजवानी झाली. मुलींना निमंत्रण नव्हतं. त्यांचा जाहीर सन्मान झाला तो १९९७ साली, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी. आमच्याकडे प्रमोशनची फाईल इतकी अडलेली मी तरी पाहिलेली नाही.

पुढे यंत्रं वाढली, प्रोग्रामर कमी पडायला लागले, तेव्हा आय.बी.एम.ने १९५५ साली अभियोग्यता चाचणी काढली. अक्षरांच्या मालिका, आकृत्यांच्या मालिका, अंकगणिताची कोडी. म्हणजे थोडक्यात आमची क्लार्कची परीक्षा! चाचणीतले गुण आणि कामातली हुशारी यांचा मेळ नीट बसत नाही असं पुढे अभ्यासकांना दिसलं. पण तोवर ती सगळीकडे रुळली होती. माझ्या बाबतीत हा मेळ मुलाखतीतही बसला नाही. छंद विचारला, मी 'वाचन' म्हणालो. सध्या काय वाचता, म्हणाले. घाबरून मी 'सामान्य ज्ञान' म्हणून मोकळा झालो.

शॉकलेचं मात्र मी मुद्दाम भाच्याकडे बघून सांगितलं. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक. १९५६ साली कॅलिफोर्नियात कंपनी काढताना त्याने उमेदवारांना मानसशास्त्रीय चाचणीसाठी न्यूयॉर्कच्या एका संस्थेकडे धाडलं. त्यात एक गॉर्डन मूर. संस्थेचा निष्कर्ष असा, की तांत्रिकदृष्ट्या गृहस्थ ठीक, पण व्यवस्थापन याला कधी जमायचं नाही. बारा वर्षांनी, १९६८ साली, याच मूरने रॉबर्ट नॉईसबरोबर इंटेल काढली.

"ठीक आहे, पण झाड?" दाढीवाल्याचं झाड काही सुटेना.

झाडाचंही ऐका. 'होमब्रू' हे साधन लिहिणाऱ्या प्रोग्रामरने २०१५ साली ट्विटरवर तक्रार केली, की गूगलचे नव्वद टक्के इंजिनीअर माझं साधन वापरतात, पण फळ्यावर झाड उलटं करता आलं नाही म्हणून मला घेतलं नाही. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, २०१३ साली, गूगलच्या मनुष्यबळ खात्याच्या प्रमुखाने जाहीर सांगितलं होतं, की मुलाखतीत कोडी घालणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

"इतिहास राहू दे रे मामा," भाचा पहिल्यांदाच बोलला. "आता यंत्रच कोड लिहायला लागलंय. उद्या आम्हाला विचारणार कोण?"

यावर माझ्याकडे एडिसन नव्हता. आमच्या बँकांतल्या संघटनांनी हेच वाक्य कॉम्प्युटरला उद्देशून म्हटलं होतं. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला, आणि मग काउंटरमागे जे यंत्र आलं त्याचं नाव होतं 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. कॉम्प्युटर हा शब्द त्यात कुठेही नाही! नाव बदललं की भीती निम्मी होते. आमच्या शाखेतले एक जुने हेडकॅशियर निवृत्त होईपर्यंत त्याला 'ती पेटी' म्हणत, आणि तिच्याकडे पाठ करून नोटा मोजत. पेटी आली म्हणून त्यांची नोकरी गेली नाही. पण त्यांच्या पाठीमागची तीन टेबलं एकेक करून रिकामी झाली आणि पुन्हा भरली गेली नाहीत, हेही खरं. हे शेवटचं वाक्य मी गच्चीवर गाळलं.

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. ताई चहाचा ट्रे घेऊन वर आली. चौघे एकदम 'स्प्रिंट' आणि 'डिलिव्हरी' असले शब्द मोठ्याने बोलू लागले.

"कसली भीती, कोणाला भीती?" ताईने ट्रे ठेवत विचारलं. "खालपर्यंत ऐकू येतंय."

"विजेची, ताई. जुनी गोष्ट आहे, अमेरिकेतली."

ताईने प्रत्येकाच्या हातात कप दिला. लेकाला शेवटी.

"सोमवारचा इंटरव्ह्यू किती वाजता आहे?"

भाच्याच्या कपातला चहा बशीत आला.

"तीन महिने झाले," ताई म्हणाली, "तू फोनवर कोणाशी 'येस, येस' करत नाहीस, रात्री दहा वाजता कोणाला शिव्या घालत नाहीस. शांतपणे दोन वेळा जेवतोस. मला काय कळत नाही?" मग तिने मोर्चा माझ्याकडे वळवला. "आणि तुला माहीत होतं ना रे?"

बँकिंगमधल्या गोपनीयतेच्या तत्त्वावर मी दोन शब्द बोलणार होतो. पण तिने बिस्किटांची बशी माझ्यासमोरून उचलून मुलांपुढे सरकवली.

"अकरा वाजता आहे, आई," भाचा म्हणाला.

"मग दहालाच जेवून घे," ताई म्हणाली, आणि रिकामा ट्रे घेऊन खाली गेली.