प्रस्थानापूर्वीचा इतिहास : अंटार्क्टिका मोहिमांची पूर्वतयारी आणि मेळघाटातील पावसाळी बेगमी

प्रस्तावना

मोहिमांचा इतिहास बहुधा पोहोचण्याच्या दिवसापासून लिहिला जातो. ९ जानेवारी १९८२ रोजी पहिल्या भारतीय तुकडीने अंटार्क्टिकावर पाऊल ठेवले, ही नोंद सर्वत्र आढळते. त्यामागील तयारीचा व प्रतीक्षेचा काळ मात्र दोन-चार ओळींत आटोपला जातो. प्रस्तुत लेखात या पूर्वकाळाचा विचार केला असून, त्याच्या आकलनासाठी आपल्या मेळघाटातील पावसाळी बेगमीचा दाखला घेतला आहे.

ऋतूने ठरविलेले वेळापत्रक

अंटार्क्टिकाभोवतीचा गोठलेला समुद्र तेथील उन्हाळ्यात, म्हणजे साधारणतः डिसेंबर ते मार्च या काळात, जहाजांना वाट देतो. ही संधी हुकल्यास पुढील वर्षाची प्रतीक्षा अटळ ठरते. त्यामुळेच जुलै १९८१ मध्ये महासागर विकास विभागाची स्थापना झाल्यानंतर अवघ्या पाच महिन्यांत, ६ डिसेंबर रोजी, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची तुकडी ‘पोलर सर्कल’ या भाड्याने घेतलेल्या नॉर्वेजियन जहाजातून गोव्याहून निघाली.

१९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ हे केंद्र उभारण्यात आले व १२ जणांनी तेथे हिवाळा काढला. येथून तयारीचे स्वरूपच पालटले. धान्य, इंधन, औषधे, यंत्रांचे सुटे भाग असा सर्व साठा जहाज परतण्यापूर्वीच केंद्रावर असणे अनिवार्य झाले.

माणसांची पारख

साहित्याइतकीच माणसांचीही तयारी करावी लागते. निवड झालेल्यांची दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शारीरिक व मानसिक तपासणी होते. त्यानंतर औली येथे बर्फातील प्रशिक्षण दिले जाते. हिवाळ्यात रुग्णाला परत आणणे जवळजवळ अशक्य असल्याने ही पारख आधीच करणे भाग असते.

या प्रतीक्षेला सामाजिक बाजूही आहे. पहिल्या दोन मोहिमांत एकही स्त्री नव्हती. नागपूर येथे जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत व भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या तिसऱ्या मोहिमेत सहभागी झाल्या, त्या उन्हाळी कामापुरत्या. पूर्ण हिवाळा काढण्याचा मान डॉ. कंवल विल्कू यांना मिळण्यास २००० साल उजाडले. पुढे २०१६-१७ मध्ये ‘भारती’ केंद्रावर ४०३ दिवस राहिलेल्या मंगला मणी २३ जणांच्या तुकडीत एकट्याच स्त्री होत्या. जहाजाची वाट ऋतू अडवितो. स्त्रियांची वाट अडविणारी कारणे मात्र मानवनिर्मित होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

मेळघाटातील साम्य व भेद

सिपना नदीकाठचे सेमाडोह हे परतवाडा-धारणी मार्गावरील गाव. त्याच्या आसपासच्या डोंगरदऱ्यांतील अनेक गावांचा संपर्क नदी-नाल्यांच्या पुरामुळे पावसाळ्यात तुटतो. म्हणून मृगापूर्वीच धान्य, मीठ व जळण यांची बेगमी करावी लागते. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न देशापुढे आला आणि १९९५ पासून नवसंजीवन योजनेद्वारे दुर्गम गावांत पावसाळ्यापूर्वीच धान्य व औषधे पोहोचविण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारली.

वाट बंद होण्यापूर्वी सर्व काही पोहोचले पाहिजे, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे. भेद इतकाच, की अंटार्क्टिकाला जाणारा स्वेच्छेने व पारखून निवडला जातो. कोरकू कुटुंबातील गर्भवती स्त्री वा तान्हे मूल यांना अशी निवड नसते.

निष्कर्ष

दुर्गम स्थळी माणूस तगून राहतो तो मुख्यतः आधीच्या तयारीच्या बळावर. ध्रुवीय केंद्रासाठी राष्ट्राने हे वेळापत्रक चार दशकांहून अधिक काळ पाळले आहे. त्याच काटेकोरपणाची अपेक्षा मेळघाटातील गावांनी केली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी धान्य केव्हा निघाले व गावात केव्हा पोहोचले, याच्या तारखाही ऐतिहासिक साधन म्हणून जपाव्यात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.