पाळ बांधली कोणी?

आमच्याकडे पाहुणा आला की आजोबा त्याला चहाच्या आधी तलावावर नेत. "गाव पाहाचा आसन त आंदी पाळ पाहा," म्हणत. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात असलेल्या आमच्या गावात सगळं पाण्याच्या क्रमानं मांडलेलं आहे. वर जंगलाची टेकडी, तिच्या पायथ्याशी तलाव, तलावाला पाळ, पाळीखाली वस्ती आणि वस्तीच्या पुढे धानाच्या बांध्या. जंगलात पडलेला पाऊस गावातून निघून जायला पुढचा उन्हाळा उजाडे. तोवर तो विहिरींत झिरपायचा, रोवणीला पुरायचा, गुरांना आणि माणसांना पुरायचा.

हे कोणी मांडलं, याची आजोबांची गोष्ट ठरलेली होती. कोहळी समाजाचे लोक काशीकडून आले. गोंड राजानं हुकूम काढला, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन. मग कोहळ्यांनी झाडी तोडली, टेकड्यांमधली खिंड हेरली आणि माती घातली. चांदागडच्या गोंड राजांबद्दलही हीच कथा सांगतात. तिच्या प्रत्येक तपशिलाला कागद मिळणार नाही. पण पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जुन्या गावमालकांचे तलाव, आहेत आणि त्यांतले कितीतरी कोहळ्यांचे, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

या कथांचा राजा म्हणजे नवेगावबांधचा तलाव. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोवर नवेगाव आमच्या भंडाऱ्यातच होतं, आणि आजोबांच्या पिढीसाठी ते शेवटपर्यंत भंडाऱ्यातच राहिलं. सुमारे ११ चौरस किलोमीटरचा हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. पाळ पुन्हा पुन्हा फुटे. शेवटी भोवतालच्या सात टेकड्या, म्हणजे सातबहिणी, मदतीला आल्या आणि पाळ टिकली. कोलू पुढे कोलासूर देव झाला. तलाव बांधणाऱ्याला देव करणारा मुलूख मला फार शहाणा वाटतो.

आजोबा देवापेक्षा तुडुमावर जास्त बोलत. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून पाणी सोडायची वाट. तिला पायरीपायरीनं भोकं, भोकांना लाकडी गुडदे. पाणी उतरत जाईल तसतसा खालचा गुडदा काढायचा, म्हणजे कायम वरचंच पाणी शेतात जातं. आणि बाजूला सलंग. तलाव भरला की जास्तीचं पाणी तिथून निघून खालच्या तलावात किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जायचं. एका गावाचं ओसंडलेलं पाणी पुढच्या गावाची कमाई होती. याच पाण्यावर कोहळ्यांचा ऊस पिकला. थंडीत गुऱ्हाळाचा वास दोन कोसांवरून यायचा, असं आजी सांगे.

दुसरी गोष्ट मला ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, मोहल्ल्यातल्या एका म्हातारीनं सांगितली. त्या बोडीवरून शिंगाडे घेऊन आमच्या घरी यायच्या. त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. आजोबांची कोलूची गोष्ट मी त्यांना मोठ्या उत्साहानं सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "माती कोनं वाहिली, बाबू?" त्यांच्या आज्यानं मालगुजाराच्या तलावावर बिनपैशाची वेठ केली होती. मासा कधी धरायचा, किती धरायचा आणि त्यातला मालगुजाराच्या वाड्यावर किती पोचवायचा, हे वाड्यावरच ठरे.

आजोबा खोटं सांगत नव्हते आणि मावशीही. मालगुजारीत पाळीची डागडुजी दर उन्हाळ्यात व्हायची, कारण तलाव फुटला तर मालगुजाराचाच धान बुडायचा. ती व्हायची वेठीच्या हातांनी. आज मालगुजारीचं गुणगान करणारे लोक ही दुसरी बाजू गाळतात, ते मला मान्य नाही.

१९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि १९५१पासून तलाव सरकारचे झाले. वेठ संपली, हे फार चांगलं झालं. पण तिच्या जागी पाळीवर रोज फेरी मारणारं कोणी आलं नाही. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गाळ बसत गेला, तुडूम बुजले, काठावर बेशरम नावाचं तण वाढलं. गाळपेराच्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणीच्या, नावानं तलावाच्या पोटात बांध्या शिरल्या.

नवेगावच्या भोवतीचं रान १९७५ला राष्ट्रीय उद्यान झालं. तिथं वनाधिकारी असलेल्या मारुती चितमपल्लींनी सोलापूरहून येऊन आमचा हा मुलूख मराठी वाचकांच्या घराघरांत नेला. पाखरांची, माशांची, झाडांची इथली नावं ते नवेगावच्या माधवराव पाटलांकडून, ढिवरांकडून, गोंडांकडून शिकले आणि तसं त्यांनी मोकळेपणानं लिहिलं. जून २०२५मध्ये ते गेले. आमच्या म्हाताऱ्यांनाही कोणीतरी विचारायला हवं, हे मला त्यांच्या लिखाणानं दाखवलं.

असं विचारण्यातून तलाव परत जिवंतही होतो. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवरांसोबत हे काम केलं. बेशरम उपटला, पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या, गावच्या जुन्या माशांना जागा करून दिली. त्यात बायका पुढे होत्या. कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर लावायची आणि कोणता मासा तिच्यात अंडी घालतो, हे ज्ञान मावशींसारख्यांच्याच घरांत होतं.

मी आता निवृत्तीनंतर गावी राहायला आलो आहे. सलंग नेमकी कुठून वाहायची, तलावाची जुनी हद्द कुठवर होती, हे सांगणारी दोन-तीनच माणसं गावात उरली आहेत. सगळी ऐंशीच्या पुढची आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या तरुण मुलामुलींनो, या पावसाळ्याच्या आत आपल्या गावच्या म्हाताऱ्यांना घेऊन पाळीवर जा. पाटलाच्या घरातलाही घ्या आणि ढिवर मोहल्ल्यातलाही. ते सांगतील ते लिहा, नकाशावर खुणा करा आणि ग्रामसभेत नोंदवून घ्या.