ताऱ्यांचा बाप्तिस्मा

आगमनकाळातील सायंप्रार्थना आटोपून आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरत होतो. अंगणात मुले गोठ्यावर टांगण्यासाठी कागदी तारा चिकटवीत बसली होती. पूर्वेला मृग नक्षत्र वर आले होते. आम्ही मुलांना रोहिणी, कृत्तिका अशी एकेक ओळख करून देऊ लागलो. तेवढ्यात एका तरुणाने विचारले, "फादर, ही सारी नावे दुसऱ्यांच्या पुराणांतली. आपल्या धर्मातली नावे आपण ताऱ्यांना का देऊ नयेत?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून हसण्यावारी नेता आला नाही. शिवाय हा प्रयोग ख्रिस्ती जगात एकदा होऊन गेलेला आहे. त्याची हकिगत वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

आरंभ पवित्र शास्त्रापासूनच करू. देव ताऱ्यांची गणती करतो आणि प्रत्येकाला नाव देतो, अशी स्तोत्रकर्त्याची श्रद्धा आहे. ती नावे मात्र त्याने आपल्याला सांगितलेली नाहीत. ईयोब आणि आमोस यांच्या पुस्तकांत 'किमा' आणि 'केसिल' अशी हिब्रू लोकांच्या बोलीतली दोन नावे येतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम बेथलेहेमात राहून बायबलचे लॅटिन भाषांतर करू लागले, तेव्हा या शब्दांना कोणते प्रतिशब्द द्यावेत हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी ऑरायन, आर्क्टुरस, प्लायडीझ ही ग्रीकांची रूढ नावे निःसंकोच घेतली. ऑरायन हा ग्रीक दंतकथेतला शिकारी आणि प्लायडीझ या अॅटलासच्या सात कन्या. वाचकाला तारा ओळखता यावा एवढाच त्यांचा हेतू असावा. ज्याचे नाव परके, त्या ताऱ्याचा निर्माता परका ठरतो, असे त्या महान शास्त्रपंडिताला वाटले नाही.

याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी, इ.स. 150 च्या सुमारास, अलेक्झांड्रियातील टॉलेमीने आपला थोर ग्रंथ लिहिला होता. त्यात 48 तारकासमूह आणि हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी आहे. टॉलेमी बहुतेक ताऱ्यांना नावे देत नाही. माशाच्या तोंडातला, पक्ष्याच्या शेपटीवरचा, असा पत्ता सांगतो. नवव्या शतकात हा ग्रंथ बगदादेत अरबी भाषेत उतरला. तेथील एक भाषांतर इसहाक इब्न हुनैन याने केले आणि थाबित इब्न कुर्रा याने ते तपासून सुधारले. इसहाक हा पौर्वात्य चर्चचा ख्रिस्ती, थाबित नक्षत्रपूजक साबी पंथाचा, आश्रय मुस्लिम राज्यकर्त्यांचा आणि मूळ ग्रंथ मूर्तिपूजक ग्रीकांच्या काळातला! पुढे 964 च्या सुमारास इस्फहानच्या अल-सुफीने टॉलेमीचे तारे आणि अरबांची परंपरागत नावे यांचा मेळ घालणारा सचित्र ग्रंथ रचला.

बाराव्या शतकात क्रेमोना येथील जेरार्ड हा इटालियन विद्वान टॉलेमीच्या ग्रंथाचा शोध घेत स्पेनमधील तोलेदोला पोहोचला, तेथे अरबी शिकला आणि 1175 मध्ये त्याने लॅटिन भाषांतर पूर्ण केले. 'अल्माजेस्ट' या ग्रंथनामातच अरबी उपपद आणि ग्रीक विशेषण एकत्र नांदत आहेत. या वाटेने अरबी नावे युरोपात आली आणि तेथेच रुळली. फोमलहॉट म्हणजे 'माशाचे तोंड'. मराठी आकाशदर्शनाच्या पुस्तकांतले 'मीनास्य' तेच सांगते. डेनेब म्हणजे शेपूट, रायजेल म्हणजे पाय. आपल्या रोहिणीला अरब 'अल-दबरान', म्हणजे मागून येणारा, म्हणत. कारण ती कृत्तिकांच्या मागोमाग उगवते. मृगातील तांबूस ताऱ्याची गंमत तर न्यारीच. 'यद' म्हणजे हात. नकलताना अक्षराखालच्या दोन टिंबांचे एक टिंब झाले, 'य'चा 'ब' झाला आणि त्यातून बीटलज्यूस हे नाव जन्मले. लेखनिकाची ती चूक आज जगभर अभ्यासली जाते.

आता त्या प्रयोगाकडे वळू. जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरात योहान बायर नावाच्या वकिलाने 1603 साली ताऱ्यांचा एक उत्कृष्ट नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्याच शहरातील ज्युलियस शिलर हाही वकील, आणि निष्ठावंत कॅथोलिक. आकाशात ग्रीक देवदेवतांची भानगडी भरलेली चरित्रे का मिरवावीत, असे त्याला वाटले. बायरच्या साहाय्याने त्याने नवा संग्रह तयार केला. 1627 साली तो 'ख्रिस्ती तारांकित आकाश' अशा अर्थाच्या लॅटिन नावाने निघाला. त्यात बारा राशींच्या जागी बारा प्रेषित आले. भारताशी ज्यांचे नाते सांगितले जाते ते संत थॉमस सिंह राशीत बसले. सप्तर्षींच्या ठिकाणी संत पेत्राची नौका आली, ऑरायनच्या जागी संत योसेफ उभे राहिले. उत्तर आकाशाला नव्या करारातील नावे, दक्षिणेला जुन्या करारातील. ग्रीक वीरांचे जहाज नोहाचे तारू झाले.

ग्रंथ देखणा होता, ताऱ्यांची स्थाने बायरच्या संग्रहापेक्षा अधिक अचूक होती. तरीही नावे टिकली नाहीत. आमच्या मते कारण साधे आहे. खलाशी, पंचांगकर्ते आणि ज्योतिर्विद यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या नोंदी जुन्या नावांनी भरलेल्या होत्या; नाव पुसले की नोंदींशी असलेला धागाच तुटतो. दुसरे कारण मनाचे. आधीच्या माणसांची आठवण खोडून लिहिलेले नाव लोकांच्या तोंडी बसत नाही, मग ते संताचे का असेना.

याच्या अगदी उलट उदाहरण एका धर्मगुरूचेच आहे. जेझुइट फादर रिच्चोली यांनी 1651 साली बोलोन्यातून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चंद्रावरील विवरांना नावे दिली. टॉलेमीला त्यांनी स्थान दिले, अल-सुफीला दिले, आणि बगदादेत भाषांतर तपासणाऱ्या थाबितलाही दिले. ज्याचे मत त्यांनी स्वीकारले नव्हते त्या कोपर्निकसचे नावही एका ठळक विवराला मिळाले. ती नावे आजही नकाशांत आहेत. ज्यांच्या खांद्यावर आपण उभे आहोत त्यांचे ऋण मान्य करण्यात रिच्चोलींच्या श्रद्धेला बाध आला नाही.

हे मराठी ख्रिस्ती माणसाला नवे वाटू नये. शिलरच्या ग्रंथाआधी अकरा वर्षे, 1616 साली, गोव्यात फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्यांनी येथला ओवी छंद घेतला, 'पुराण' हा शब्द घेतला, स्वर्गासाठी 'वैकुंठ' म्हणण्यासही ते कचरले नाहीत. म्हणूनच ते काव्य भाविकांच्या ओठी रुजले.

विसाव्या शतकातील एक कथाही येथे सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील कॅथोलिक प्राध्यापक टोल्किन हे प्राचीन इंग्रजीचे अभ्यासक. ख्रिस्ताच्या आगमनाचे स्तवन करणाऱ्या एका जुन्या काव्यात त्यांना 'एआरेंडेल' हा शब्द भेटला. 21 डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत पूर्वेच्या उदयप्रकाशाला उद्देशून जी लॅटिन विनवणी म्हटली जाते, तिच्यावर त्या काव्याचा तो भाग आधारलेला आहे. त्या शब्दाने टोल्किन भारावले. 1914 साली त्यांनी त्यावर कविता रचली आणि पुढे त्यातूनच आकाशनौकेत बसून कपाळी तेजस्वी रत्न धारण करणाऱ्या नाविकाची कथा वाढली. 1954-55 मधील 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये त्याच ताऱ्याचा प्रकाश एका कुपीत साठवून अंधारवाटेवरच्या प्रवाशाला दिला जातो. याच कादंबरीत ऑरायन 'मेनेल्वागोर' होतो आणि कृत्तिका 'रेम्मिराथ' होतात. टोल्किन यांनी कोणाचे नाव खोडले नाही. त्यांनी फक्त एक गोष्ट सांगितली.

आणि मार्च 2022 मध्ये हबल दुर्बिणीतून एका अतिदूरच्या ताऱ्याचा शोध जाहीर झाला. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे 1290 कोटी वर्षे लागली. तो एकच तारा की ताऱ्यांचा पुंजका, याचा अभ्यास अजून चालू आहे. शोधकांनी त्याला नाव दिले 'एआरेंडेल'. जे शिलरला सबंध आकाश पुसून साधले नाही, ते आगमनकाळाच्या एका प्रार्थनेतून आलेल्या शब्दाला, कोणाला धक्का न लावता, साधले. आंतरराष्ट्रीय खगोल संघानेही 2016 पासून ताऱ्यांच्या नावांची अधिकृत यादी करण्यास घेतली. तिच्यात अरबी नावे तर आहेतच, आणि 2017 साली 'भरणी' आणि 'रेवती' या आपल्या नावांनाही स्थान मिळाले.

त्या तरुणाला आम्ही हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण फादर, मागी लोकांनी पाहिलेल्या ताऱ्याचे नाव काय?"

संत मत्तयाने ते लिहून ठेवलेले नाही, हे आम्ही त्याला सांगितले. पूर्वेकडून आलेल्या त्या परक्या माणसांनी आपल्या भाषेत त्याला काहीतरी म्हटले असेलच. कोणते का नाव असेना, ते पोहोचले मात्र बेथलेहेमलाच.

मुलांचा कागदी तारा तोवर तयार झाला होता. तो गोठ्यावर चढवायला तो तरुणच शिडीवर चढला.