लीळाचरित्रांतील ससा

लीळाचरित्राच्या पोथ्या आपण भाषेसाठीं व स्थळनामांसाठीं चाळतों. त्यांतील एका सशाकडे आम्हांस लक्ष वेधावयाचें आहे. पारध्यांनीं पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरांच्या मांडीखालीं येऊन दडला. पारध्यांनीं तो परत मागितला. शरण आलेल्यास मरण नाहीं, असें सांगून स्वामींनीं त्यांचें मन वळविलें. एवढी हकीकत कोणाही सत्पुरुषाच्या चरित्रांत शोभली असती. परंतु पुढें स्वामींनीं मांडी उचलली व सशास जावयास सांगितलें, तेंही 'महात्मा' या संबोधनानें! हा शब्द पंथांत भिक्षूंस लावीत, हें वाचक जाणतातच. ससा पाळला नाहीं, बांधला नाहीं. रानचा जीव रानांत गेला. आमच्या मतें लीळेचें मर्म येथें आहे.

म्हाइंभटांनीं ही आठवण अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपुरीं, सुमारें शके 1200 मध्यें (इ. स. 1278) ग्रंथांत गोंविली. मूळ प्रत परचक्रांत गेली व शिष्यांनीं स्मरणावरून ग्रंथ पुन्हां सिद्ध केला, असें परंपरा सांगते; पाठभेद त्यामुळेंच. पुढें कित्येक शतकें तो सकळ लिपीच्या कुलुपांत राहिला. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ति 1978 सालीं निघाली. तरी ज्यांच्या संग्रहीं जुनी पोथी असेल, त्यांनीं या लीळेचें शेवटलें वाक्य तिच्याशीं अवश्य ताडून पाहावें.