गिरणी, बाजार आणि वर्ग : मुंबईतील व्यवस्थापन शिक्षणाची वाटचाल

विपणन आणि मनुष्यबळ व्यवस्थापन हे दोन विषय आज व्यवस्थापनाच्या प्रत्येक पदव्युत्तर अभ्यासक्रमात शेजारी-शेजारी शिकवले जातात. मुंबईत मात्र त्यांची सुरुवात वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या गरजेतून झाली. माणसांचे व्यवस्थापन शिकवण्याची गरज गिरणगावातील संपांनी आणि कामगारवस्तीतील समाजकार्याने निर्माण केली. विपणनाचे शिक्षण वाणिज्य महाविद्यालये, जाहिरात संस्था आणि ग्राहकोपयोगी मालाच्या कंपन्या यांच्या आसऱ्याने वाढले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दोन प्रवाह एका इमारतीत आले, पण एकमेकांत मिसळायला त्यांना आणखी बराच काळ लागला.

शिक्षणापूर्वीची व्यवस्था

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. त्यानंतरच्या अर्धशतकात गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. कोकणातील रत्नागिरी, तसेच सातारा आणि घाटावरच्या इतर भागांतून हजारो माणसे कामासाठी शहरात आली. या माणसांना निवडणे, कामाला लावणे, शिस्तीत ठेवणे आणि काढून टाकणे ही सगळी कामे मालक किंवा मॅनेजर स्वतः करत नसत. ती जॉबर म्हणजे मुकादमाच्या हाती असत. जॉबर बहुधा स्वतःच्या गावची, नात्यातली किंवा जातीतली माणसे भरती करी, त्यांना राहायला जागा मिळवून देई, अडीनडीला कर्जही देई आणि त्या बदल्यात दस्तुरी घेई. स्त्री कामगारांवर अशीच सत्ता नायकिणीची असे. गिरणीतील माणसांचे सारे व्यवहार या मधल्या माणसाच्या मर्जीवर चालत असल्यामुळे व्यवस्थापनाला कामगार ओळखण्याची वेळच येत नसे.

कामगारांची बाजू प्रथम संघटितपणे मांडली ती महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. सुटी, कामाचे तास, जेवणाची वेळ आणि वेळेवर पगार या त्यांच्या मागण्या पुढे मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत प्रकरणांची शीर्षके झाल्या.

बाजाराच्या बाजूनेही शिक्षणाआधी अनुभव आला होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडामुळे जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगराला गिऱ्हाईक मिळेना. माल चांगला असूनही तो विकला जाण्यासाठी आधी लोकांचे मन वळवावे लागते, हा धडा तिथे मिळाला. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्याच्या मालाचा परिचय करून देण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले, आणि पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. कारखान्याभोवती कामगारांची वसाहत आणि गावोगावच्या ग्राहकापर्यंत जाणारे पत्रक, या दोन्ही गोष्टी एकाच उद्योगाने एकाच काळात उभारल्या होत्या.

संपातून अभ्यासक्रम

मुंबईतील कामगार प्रश्नाला निर्णायक वळण मिळाले ते १९२८ च्या संपाने. यंत्रमागावरील विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशा स्वरूपाच्या कार्यक्षमतेच्या योजना मालकांनी आणल्या होत्या. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये मांडलेल्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चा विचार त्या काळी उद्योगजगतात सर्वत्र पसरत होता. मुंबईच्या कामगारांना त्याचा अर्थ वाढीव काम आणि कमी नोकऱ्या एवढाच दिसला. संप सुमारे सहा महिने चालला. पुढच्याच वर्षी सरकारने कामगारविषयक शाही आयोग नेमला. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगचे काम उभे करणारे नारायण मल्हार जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने जॉबरच्या सत्तेवर बोट ठेवले आणि भरतीचे काम त्याच्याकडून काढून स्वतंत्र कामगार अधिकाऱ्याकडे द्यावे, अशी शिफारस केली. १९३४ मध्ये मुंबई प्रांतात औद्योगिक तंट्यांच्या समेटाचा कायदा झाला. त्यानुसार सरकारी कामगार अधिकारी नेमला गेला आणि गिरणीमालक संघानेही आपला अधिकारी ठेवला. या अधिकाऱ्यांना शिकवणारी संस्था मात्र देशात नव्हती.

ही उणीव भरून काढणारी संस्था नागपाड्याच्या कामगारवस्तीत निघाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकी मिशनरी तिथे नागपाडा नेबरहूड हाउस चालवत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटा विश्वस्त निधीच्या आधाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. १९४४ मध्ये त्याला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हे नाव मिळाले आणि १९५४ मध्ये संस्था देवनारला गेली. इथे विद्यार्थी वर्गात जितके शिकत, तितकेच चाळीत, दवाखान्यात आणि गिरणीत जाऊन शिकत. कामगार कल्याण हा तिथला विशेष अभ्यास झाला. माणसांचे व्यवस्थापन हा विषय मुंबईत प्रथम समाजकार्याची शाखा म्हणून शिकवला गेला, ही गोष्ट त्याच्या पुढच्या इतिहासात महत्त्वाची ठरली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जीवन या इतिहासाला दोन ठिकाणी स्पर्श करते. १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य. कामाचे तास, त्रिपक्षीय परिषदा आणि कामगार कल्याण यांविषयी त्या वर्षांत झालेल्या कामाचे प्रतिबिंब स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांत दिसते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. त्याची पात्रता आणि कर्तव्ये ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे आला. नियमांनी सामाजिक शास्त्रांतील पदवी किंवा पदविका आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे ज्ञान यांची अट घातली. या एका कलमाने एक नवा व्यवसाय निर्माण केला आणि त्याच्या शिक्षणाला कायम मागणी मिळवून दिली. परळमध्ये सरकारने कामगार अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी चालवलेली संस्था आज नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने ओळखली जाते. १९४९ मध्ये जमशेदपूरला जेझुइट धर्मगुरूंनी एक्सएलआरआय ही संस्था काढली, तीही पोलाद कारखान्याच्या शहरात आणि कामगार संबंधांचे शिक्षण समोर ठेवूनच.

वाणिज्यातून विपणन

दुसरा प्रवाह १९१३ मध्ये स्थापन झालेल्या सिडनहॅम महाविद्यालयातून निघाला. हे आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय मानले जाते. १९४१ मध्ये माटुंग्याला पोदार महाविद्यालय आणि १९४३ मध्ये पुण्याला बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयांत हिशेब, बँकिंग, व्यापारी कायदा आणि अर्थशास्त्र यांचे शिक्षण पक्के होते. विक्री हा मात्र तिथे व्यापारी संघटनेचा एक भाग होता. माल बाजारात कसा फिरतो हे शिकवले जाई, पण ग्राहक तो का घेतो हा प्रश्न अभ्यासक्रमात क्वचितच येई.

तो प्रश्न कंपन्यांच्या कचेऱ्यांत विचारला जात होता. लिव्हर कंपनीने १९३७ मध्ये डालडा बाजारात आणला, तेव्हा साजूक तुपाची सवय असलेल्या कुटुंबांना वनस्पती तूप स्वीकारायला लावणे हे मोठे काम होते. त्यासाठी मुंबईतील लिंटास या जाहिरात संस्थेने चित्रपट, फिरत्या गाड्या आणि प्रत्यक्ष चव देणे यांसारखे मार्ग वापरले. त्याच काळात कंपनीत आलेले प्रकाश टंडन १९६१ मध्ये तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. अशा कंपन्यांच्या प्रशिक्षण योजनांत शिकलेले अधिकारीच पुढे व्यवस्थापन संस्थांच्या वर्गात पाहुणे प्राध्यापक म्हणून उभे राहिले.

विषयाला शास्त्रीय चौकट अमेरिकेतून मिळाली. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसार अशी विपणनाची चौकडी मांडली. फिलिप कोटलर यांचे ‘मार्केटिंग मॅनेजमेंट’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि काही वर्षांतच भारतातही प्रमाण पाठ्यपुस्तक ठरले.

एका छपराखाली

१९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था सुरू झाल्या. अहमदाबादने हार्वर्डची केस पद्धत, म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगांवर चर्चा करून शिकवण्याची पद्धत, स्वीकारली. तिथल्या पहिल्या प्राध्यापकांपैकी कमला चौधरी या मानसशास्त्रज्ञ होत्या आणि त्याआधी त्यांनी अटिरा या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत गिरणी कामगारांचा अभ्यास केला होता. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था उभारली. १९७७ मध्ये शिक्षण प्रसारक मंडळीने माटुंग्याला वेलिंगकर संस्था काढली, तर पुण्यात १९७८ मध्ये सिंबायोसिसची व्यवस्थापन संस्था सुरू झाली.

मुंबईच्या संस्थांचे वेगळेपण संध्याकाळच्या वर्गांत होते. कारखान्यात, बँकेत किंवा विक्री विभागात दिवसभर काम करून आलेला विद्यार्थी अर्धवेळ अभ्यासक्रमात बसे. पुस्तकातला सिद्धांत आणि त्याच दिवशी कामावर आलेला प्रसंग यांची तुलना तो वर्गातच करी. हे शिक्षण ज्यांनी चालवले त्यांचे ऋण मोठे आहे, कारण पूर्ण वेळ शिकण्याची ऐपत नसलेल्या असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलामुलींना त्यामुळे व्यवस्थापनाचे दार उघडले.

तरीही दोन्ही विषय एकमेकांपासून दूरच राहिले. विपणन हा बाहेरच्या ग्राहकाचा विषय आणि ‘पर्सोनेल’ म्हणजे माणसांचे व्यवस्थापन हा आतल्या कामगाराचा, अशी विभागणी पक्की झाली. पहिल्याला प्रतिष्ठा मिळाली. दुसरा कायद्याची कलमे, वाटाघाटी आणि शिस्तभंगाच्या चौकशा यांपुरता आकसला.

बदलाची वर्षे

उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी १९७४-७५ मध्ये लार्सन अँड टुब्रो या मुंबईच्या कंपनीसाठी मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र व्यवस्था आखली. कामाचे मूल्यमापन, प्रशिक्षण, समुपदेशन आणि माणसाची वाढ यांना तिने एका सूत्रात बांधले. त्यानंतर अभ्यासक्रमांतून ‘पर्सोनेल’ मागे पडले आणि मनुष्यबळ विकास पुढे आला.

याच सुमारास गिरणगाव मोडला. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप औपचारिकपणे कधीच मिटला नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे उभ्या राहिल्या नाहीत. ज्या कामगारामुळे हा विषय मुंबईत शिकवला जाऊ लागला, तोच आता वर्गातून दिसेनासा झाला. १९९१ नंतर बँका, विमा, दूरसंचार, हॉटेले आणि संगणक सेवा यांच्यासाठी माणसे घडवणे हे व्यवस्थापन शिक्षणाचे मुख्य काम बनले.

सेवाक्षेत्राच्या या वाढीनेच दोन विषयांना जोडले. बर्नार्ड बूम्स आणि मेरी बिटनर यांनी १९८१ मध्ये विपणनाच्या चौकडीत माणसे, प्रक्रिया आणि भौतिक पुरावा या तीन घटकांची भर घातली होती. बँकेच्या खिडकीवर किंवा रुग्णालयात ग्राहकाला जे मिळते, ते कर्मचाऱ्याच्या वागण्यातून मिळते. म्हणून त्याची निवड, प्रशिक्षण आणि समाधान हा विपणनाचाही प्रश्न ठरला. १९९९-२००० पासून मुंबई विद्यापीठाने पदवी पातळीवर बीएमएस (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) अभ्यासक्रम सुरू केला. तेव्हापासून हे दोन्ही विषय एकाच विद्यार्थ्यासमोर अधिक लहान वयात येऊ लागले.

माणसे आणि सेवा यांच्या या नात्याचे उदाहरण मुंबईतच होते. २०१० मध्ये हार्वर्डने घरचे जेवण कचेऱ्यांत पोहोचवणाऱ्या मुंबईच्या डबेवाल्यांवर केस प्रसिद्ध केली. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील माणसे भागीदार म्हणून काम करतात. गावाच्या आणि नात्याच्या ओळखीतून होणारी भरती जॉबरच्या काळातही होती. फरक असा की इथे त्या ओळखीवर मधल्या माणसाची सत्ता उभी राहिली नाही, तर समान वाटा आणि परस्पर जबाबदारी उभी राहिली. ग्राहकाला रोज वेळेवर मिळणारी सेवा हा त्याचाच परिणाम आहे.

मुंबईच्या या इतिहासातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. माणसांचे व्यवस्थापन बाजारापासून तोडून शिकवले की ते कायद्याची यादी होते, आणि विपणन माणसांपासून तोडून शिकवले की ते केवळ जाहिरातीचे तंत्र उरते. दोन्ही विषय या शहरात माणसांच्या प्रत्यक्ष गरजांतून जन्मले. परदेशी सिद्धांतांबरोबर १९२८ चा संप, नागपाड्याचे काम, किर्लोस्करांचा नांगर आणि डबेवाल्यांची भागीदारी यांनाही अभ्यासक्रमात हक्काचे स्थान मिळाले पाहिजे.